मोटारीचा डिफरन्शिअल आणि त्याला घातलेला आळा

बैलगाडीचीं दोन्ही चाकें एकाच आसावर बसविलेलीं असलीं, तरी तीं परस्परांशीं बांधलेलीं नसतात. गाडी वळली म्हणजे बाहेरचें चाक भरभर फिरतें, आंतलें सावकाश फिरतें, आणि त्यामुळें कांहींच अडत नाहीं. कारण गाडी ओढण्याचें काम बैल करतात, चाकें नव्हे. मोटारीची गोष्ट निराळी. तेथें चाकांनाच गाडी ढकलावयाची असते. म्हणून इंजिनाची शक्ति त्यांच्यापर्यंत पोंचवावी तर लागतेच, पण वळणावर दोघांना भिन्न गतीनें फिरण्याची मोकळीकही द्यावी लागते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असलेल्या मोटारीनें एक पूर्ण वळसा घेतला, तर बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां सुमारें ८.८ मीटर अधिक धांवतें. वर्तुळ लहान असो वा मोठें, हा फरक तेवढाच राहतो, ही भूमितीची एक गंमतच आहे.

ही अडचण ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं सोडविली. पुढें १८७७ सालीं इंग्लंडांत जेम्स स्टार्ली यानें तशीच योजना तीन चाकी सायकलीला केली, आणि मोटार आली तेव्हां डिफरन्शिअल तिच्यासाठीं जणूं तयारच होता. इंजिनाकडून आलेला दांडा एका पेटीला फिरवितो. पेटींत लहान दंतचक्रें असतात आणि त्यांच्या दोन बाजूंस उजव्या व डाव्या चाकाच्या दांड्यांचीं एकेक दंतचक्रें असतात. मधलें लहान चक्र तराजूच्या दांडीसारखें आहे. पारडीं वरखालीं झालीं तरी दांडी दोघांवर सारखाच भार टाकते, त्याप्रमाणें चाकांची गति भिन्न झाली तरी दोघांना मिळणारा जोर सारखाच असतो.

या समबुद्धींतच दोष आहे. समजा, एक चाक कोरड्या रस्त्यावर असून चारशें मापांचा जोर पेलूं शकतें, आणि दुसरें चिखलांत असून त्याला शंभरच मापें पेलतात. शंभरांपुढें तें जागच्या जागीं गरगर फिरूं लागतें, आणि दुसऱ्यालाही शंभरच मिळतात. चारशेंचें सामर्थ्य असलेलें चाक जवळजवळ रिकामें बसतें. वेगवान मोटारींत याकरितां चिखलही लागत नाहीं. जोरानें वळतांना गाडीचा भार बाहेरच्या बाजूला झुकतो, आंतलें चाक हलकें होतें, आणि चालकानें अॅक्सिलरेटर दाबतांच इंजिनाची सारी मिजास त्या एका चाकाच्या रबराचा धूर करण्यांत खर्च होते.

फर्डिनांड पोर्श यांनीं आंखलेल्या ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींत हें फार स्पष्ट दिसलें. तिचें सोळा सिलिंडरांचें इंजिन चालकाच्या पाठीमागें होतें, आणि मोठ्या वेगांतही मागचें एखादें चाक घसरून फिरत असे. १९३५ सालीं पोर्श यांनीं झेड्‌एफ् या जर्मन कारखान्याकडून चाकांच्या या मोकळिकीला मर्यादा घालणारा डिफरन्शिअल करवून घेतला. यालाच लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल म्हणतात. सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारींत तो १९५६ सालीं अमेरिकेंतील पॅकार्डनें प्रथम आणला.

त्याचे प्रकार अनेक असले तरी मुख्य तीन आहेत. एकांत क्लचच्या चकत्या असतात. जोर वाढला कीं त्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोन्ही चाकांना थोडेंफार जखडतात. दुसऱ्यांत घट्ट चिकट द्रव असतो. तो सौम्य आहे, पण वय झालें कीं त्याचा जोर ओसरतो. तिसरा टॉर्सन. त्याचें पेटंट व्हर्नन ग्लीझमन यांना १९५८ सालीं मिळालें. त्यांतील मळसूत्री दंतचक्रें आपल्याच घर्षणानें जोर अधिक पकड असलेल्या चाकाकडे वळवितात. त्याचें प्रमाण अडीचपट धरलें, तर वरच्या उदाहरणांत घसरतें चाक शंभर आणि दुसरें अडीचशें मापें घेईल. दोनशेंच्या जागीं साडेतीनशें! परंतु एक चाक अधांतरीं गेलें, तर शून्याची अडीचपट शून्यच. अशा वेळीं ब्रेक हलकेच दाबून त्या चाकाला थोडा विरोध निर्माण करणें, ही चालकांची जुनी तोड आहे.

मालकांनीं ही सुधारणा स्वतः करून घेतल्याचें उत्तम उदाहरण म्हणजे १९८९ सालीं निघालेली माझ्दा एम्‌एक्स-५ ही लहानशी उघडी मोटार. तिच्या पहिल्या १.६ लिटर इंजिनाच्या गाड्यांचा मागचा डिफरन्शिअल बेताचाच होता. इंजिनाला टर्बो जोडून शक्ति वाढविणाऱ्यांना त्याचे दांते तुटल्याचा अनुभव येऊं लागला. तेव्हां पुढच्या १.८ लिटर गाडीचा दणकट टॉर्सन मिळवून तो जुन्या गाडींत बसविण्याचा प्रघात पडला. केवळ डिफरन्शिअल आणून भागत नाहीं. दोन्ही चाकांकडे जाणारे दांडे आणि इंजिनाकडून येणारा लांब दांडाही त्याच्या जोडीचाच लागतो. जुन्या बाजारांत स्वस्त डिफरन्शिअल पाहून भुलणाऱ्यांना हें मागाहून कळतें.

तथापि शक्ति आधीं वाढवावयाची आणि ती रस्त्यापर्यंत कशी पोंचेल हें मागाहून पाहावयाचें, हा क्रमच उलटा आहे. प्रथम चांगले टायर, मग डिफरन्शिअल, आणि टर्बो त्यानंतर.

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाहीं. साध्या डिफरन्शिअलच्या गाडींत ओल्या रस्त्यावर अॅक्सिलरेटर जास्त दाबला गेला, तर बहुधा एकच चाक घसरतें. दुसरें रस्ता धरून राहतें आणि गाडीची मागची बाजू सांवरते. आळा घातलेल्या गाडींत दोन्ही चाकें एकदमच पकड सोडूं शकतात, आणि शेपूट क्षणांत फिरून पुढें येतें. कोरड्या दिवशीं जो दोष म्हणून काढून टाकला, तो पावसांत रक्षकच होता. चकत्यांचा डिफरन्शिअल फार घट्ट लावला, तर वळणांत शिरतांना गाडी सरळच जाऊं पाहते, हें वेगळेंच. म्हणून नवा डिफरन्शिअल बसविल्यावर मालकानें आपली जुनी संवय घेऊन पहिल्याच पावसांत घाटांत जाऊं नये. मोकळ्या बंदिस्त मैदानावर, कमी वेगांत, गाडीचा नवा स्वभाव प्रथम ओळखून घ्यावा.

जुनी गाडी विकत घेतांना आंत कोणता डिफरन्शिअल आहे, याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा, पुढच्या चाकांना अडसर लावावा आणि मागचीं दोन्ही चाकें जमिनीपासून उचलून गाडी भक्कम आधारांवर ठेवावी. मग हॅंडब्रेक सोडून एक चाक हातानें फिरवावें. दुसरें उलट दिशेनें फिरलें तर डिफरन्शिअल साधा आहे, किंवा आळा झिजून गेला आहे. त्याच दिशेनें फिरलें तर आळा शाबूत आहे. मात्र अशी गाडी एकच मागचें चाक उचलून, इंजिन चालू करून, कधींही गिअरमध्यें घालूं नये. जमिनीवर टेंकलेल्या दुसऱ्या चाकालाही जोर मिळतो, आणि गाडी जॅकवरून उडी घेऊन समोरच्या माणसावर जाते.