तीन माणसांचे एक मूल

आपल्या भाषेत एखाद्याला ‘कळसूत्री बाहुले’ म्हटले की त्याची अब्रू गेली. दुसऱ्याने दोरी ओढावी आणि याने मान हलवावी. मालकधार्जिण्या पुढाऱ्यांना उद्देशून हा शब्द आम्ही कामगारांच्या सभांत किती वेळा वापरला असेल, याची गणती नाही. आज ज्या बाहुल्याविषयी सांगावयाचे आहे, त्याने आमच्या या जुन्या शब्दाला चांगलाच धक्का दिला.

हे बाहुले एका ऑपेरात येते. आपल्या संगीत नाटकात पात्रे बोलतात आणि मधून मधून पदे म्हणतात. ऑपेरात बहुधा सारे बोलणेच गाऊन होते, आणि साथीला मोठा वाद्यवृंद असतो. पुच्चीनी या इटालियन संगीतकाराचा ‘मादाम बटरफ्लाय’ हा ऑपेरा १७ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रथम झाला आणि सपशेल पडला. पुच्चीनीने तो मागे घेतला, दुरुस्त केला, आणि त्याच वर्षी २८ मे रोजी ब्रेशा येथे तो डोक्यावर घेतला गेला. तेव्हापासून तो जगभर चालू आहे.

कथा जपानमधील नागासाकीची. पिंकर्टन नावाचा अमेरिकन आरमारी अधिकारी तेथे घर घेतो आणि चो-चो-सान नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न लावतो. घराचा करार ९९९ वर्षांचा, पण दर महिन्याला मोडण्याची मुभा असलेला. आणि लग्नही त्याच अटीवर! मोडण्याची मुभा अर्थातच एकाच पक्षाला. हे कलम कोणाही बदली कामगाराला वाचून दाखवा. समजावून सांगावे लागणार नाही. मुलगी मात्र करार खरा मानते, आपला धर्म सोडते, नातलगांना मुकते. नवरा निघून जातो. ती तीन वर्षे वाट पाहते. तो परततो तो अमेरिकन बायको घेऊन, आणि मागतो काय, तर तिचे मूल. मूल देऊन ती बापाच्या कट्यारीने स्वतःला संपविते.

सारा प्रश्न या मुलाचा आहे. ते तीन वर्षांचेही नाही, आणि त्याच्या तोंडी एक शब्द नाही. तरी दुसऱ्या अंकात आई त्याला उचलून अमेरिकन वकिलापुढे उभे करते, तेव्हापासून नाटकाचा सगळा भार त्याच्यावर येतो. एवढे लहान मूल रात्रीच्या वेळी हजारो लोकांसमोर उभे करणे कठीण. म्हणून बहुधा थोडे मोठे मूल आणतात. ते बिचारे शिकविल्याप्रमाणे उभे राहते, कधी वाद्यवृंदाकडे पाहते, कधी पाय खाजविते. आणि आई जिवाच्या आकांताने गात असता प्रेक्षक मनात म्हणतो, ‘पोर झोपेला आले आहे.’

चित्रपट-दिग्दर्शक अँथनी मिंगेला याने नोव्हेंबर २००५ मध्ये लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरासाठी हे नाटक बसविले, तेव्हा मुलाच्या जागी बाहुले आणले. नेपथ्यकार मायकेल लेव्हीन याने वर कललेला प्रचंड आरसा आणि खाली सरकते कागदी पडदे योजले. बाहुल्याचे काम ब्लाइंड समिट या मंडळीने केले. २५ सप्टेंबर २००६ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचा हंगाम याच प्रयोगाने उघडला. मिंगेला २००८ साली वारला, पण प्रयोग राहिला. ७ मार्च २००९ रोजी तो चित्रपटगृहांतून दाखविण्यात आला. आम्हीही तो पडद्यावरच पाहिला आहे, रंगमंचावर नव्हे. हे आधीच सांगितलेले बरे.

या बाहुल्याला दोरी नाही. आपल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची बाहुली वरून दोरीने हलते. येथे काळी वस्त्रे ल्यालेली, तोंडावर काळा पडदा घेतलेली तीन माणसे बाहुल्याला हाताने धरून त्याच्याबरोबर उघड चालतात. ही रीत जपानच्याच बुनराकू नाट्याची. ओसाका शहरात १६८४ साली ताकेमोतो गिदायू याने आपले नाट्यगृह काढले, त्याचा हा वारसा. १७३४ पासून एका बाहुलीला तीन माणसे लागू लागली. प्रमुख खेळविणारा डोके आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. स्त्रीबाहुलीला बहुधा पायच नसतात. तिसरा माणूस वस्त्राचा घोळ असा हलवितो की ती चालते असे वाटते. बाहुलीचा आवाज बाजूला बसलेल्या गायकाचा, आणि त्याला साथ शामिसेन या तंतुवाद्याची. बोलणारा एक आणि हलणारा दुसरा, ही त्या नाट्याची मूळ बैठकच आहे. म्हणून मुक्या मुलाच्या भूमिकेला ही रीत इतकी चपखल बसते.

मग लाकूड जिवंत कसे होते? पाहता पाहता तीन गोष्टी आमच्या ध्यानात आल्या. पहिली, तिघांचीही नजर सतत बाहुल्यावर असते, त्यामुळे आपलीही तेथेच जाते. दुसरी, बाहुले स्वस्थ असले तरी किंचित वरखाली होते, श्वास घेते. तिसरी, त्याचे पाऊल जमिनीवर टेकते तेव्हा वजन पडल्यासारखे टेकते. एकाचा ताल चुकला तर मूल मोडून लाकूड उरेल. आईच्या आवाजासरशी डोके वळते, मागून हात वळतो, मग पाय धावतात. कोण कोणाला हुकूम देतो ते दिसत नाही.

या प्रयोगावर आक्षेपही आले. बाहुले गायिकेवरचे लक्ष ओढून घेते, असे काही टीकाकारांनी म्हटले. ते अगदीच खोटे नाही. पाश्चात्त्यांनी आपल्या कल्पनेने रंगविलेला जपान जपानची कला उसनी घेतल्याने खरा होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. पण लाकडी चेहरा बदलत नाही, हा आक्षेप आम्हांला पटत नाही. चेहरा बदलत नाही म्हणूनच त्यावरचे दुःख आपल्याला भरावे लागते.

कामगार चळवळीतल्या माणसाला याहून मोठा प्रश्न वेगळा दिसतो. बुनराकूत परंपरेने पाय शिकण्यास दहा वर्षे आणि डावा हात शिकण्यास आणखी दहा वर्षे लागतात, असे सांगतात. तोवर तोंड काळ्या बुरख्यात. प्रमुख झाल्यावर चेहरा उघडा ठेवता येतो. २०१२ साली ओसाकाचे महापौर तोरू हाशिमोतो यांनी या कलेच्या अनुदानाला हात घातला, आणि पुढे अनुदानाची सांगड प्रेक्षकसंख्येशी घातली गेली. लोकांचा पैसा लोकांच्या उपयोगी पडावा, हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पण वीस वर्षांच्या शिक्षणाचे मोल या महिन्याच्या तिकीटविक्रीवर ठरू लागले, की पाय शिकण्यास कोण बसेल? तो पुन्हा दर महिन्याला मोडता येणारा करारच झाला. आणि उलट, वीस वर्षे बुरख्यात ठेवणारी परंपरा शिकविते किती आणि राबविते किती, हेही विचारले पाहिजे. दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

मेट्रोपोलिटनच्या कार्यक्रमपत्रिकेत या बाहुलेवाल्यांची नावे गायकांबरोबर छापली जातात. गोष्ट छोटी, पण आम्हांला बरी वाटली.

अखेरच्या प्रसंगी आई मुलाचे डोळे बांधते आणि त्याच्या हाती अमेरिकन निशाण देते. ते काही न पाहता निशाण हलवीत राहते, आणि मागे आई कोसळते. त्या एका हालचालीमागे तीन माणसे श्वास धरून बसलेली असतात, हे आपल्याला दिसत असते, तरी डोळे भरून येतात. ‘बाहुले’ हा शब्द शिवी म्हणून वापरताना आम्ही आता जरा थांबतो.