ब्रदर अली आणि अँट : तळघरातून सुरू झालेली बावीस वर्षांची सोबत

आपल्या घरातली मुलं कानात इअरफोन घालून काय ऐकतात, हे बहुतेक अम्मी-अब्बांना माहीत नसतं. विचारलं तर उत्तर मिळतं, "रॅप आहे." आणि आपण समजतो, शिव्या, पैसा, गाड्या, बस्स! कुर्ल्याच्या नेझीने 2014 मध्ये 'आफत' हे गाणं चक्क आयपॅडवर तयार केलं, तेव्हापासून तर आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुलं वहीच्या मागच्या पानांवर रॅप लिहू लागली. म्हणून आज एका अशा जोडीबद्दल सांगतो, जी मुलांनाही ठाऊक असावी आणि पालकांनाही. रॅपर ब्रदर अली आणि त्यांचा प्रोड्यूसर अँट.

आधी हे काम कसं चालतं ते समजून घेऊ. रॅपर शब्द लिहितो आणि म्हणतो. प्रोड्यूसर त्याच्यासाठी 'बीट' बनवतो. जुन्या रेकॉर्डमधला दोन-चार सेकंदांचा तुकडा घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, त्याखाली ड्रमचा ठेका बसवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण कुठला तुकडा कुठल्या शब्दांना शोभेल, हे ओळखणं हाच खरा हुन्नर. मुशायऱ्यात शायराला दाद मिळते, पण माइक नीट लावणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. प्रोड्यूसरचंही बरेचदा तसंच होतं.

ब्रदर अलींचा जन्म 1977 चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरातला. त्यांना जन्मतः आल्बिनिझम आहे. म्हणजे कातडी, केस, डोळे यांत रंगद्रव्यच जवळजवळ नाही. त्यामुळे नजरही इतकी कमजोर की कायद्याच्या भाषेत ते दृष्टिहीन ठरतात. (आपल्याकडे लोक याला कोड समजतात. कोड वेगळं, हे वेगळं; आणि दोन्ही संसर्गाने पसरत नाहीत.) घर गोऱ्यांचं, तरी शाळेत गोऱ्या मुलांनी त्यांना हिणवलं. जवळ केलं ते काळ्या मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी. त्याच मुलांमध्ये त्यांना हिप-हॉप भेटलं.

वय साधारण तेरा असताना एका व्याख्यानात प्रसिद्ध रॅपर केआरएस-वन यांनी त्यांना माल्कम एक्स यांचं आत्मचरित्र वाचायला सांगितलं. एका पुस्तकाने वाट बदलली. पंधराव्या वर्षी त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि पुढे इमाम वारिस दीन मोहम्मद यांच्या जमातीत शिकले. हे तेच इमाम, ज्यांनी 1975 नंतर 'नेशन ऑफ इस्लाम'च्या हजारो काळ्या अनुयायांना मुख्य प्रवाहातल्या सुन्नी इस्लामकडे आणलं.

कुटुंब मिनियापोलिसला आलं होतं. तिथे 1995 मध्ये चार दोस्तांनी 'ऱ्हाइमसेअर्स' नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. त्यातला एक अँट, म्हणजे अँथनी डेव्हिस. तो तळघरात बसून बीट बनवायचा. 'अंडरग्राउंड' म्हणजे काही चोरीछुपेचा मामला नव्हे. मोठ्या कंपनीचा पैसा नाही, रेडिओवर जागा नाही. आपणच कॅसेट बनवायच्या, आपणच विकायच्या, गावोगाव फिरून कार्यक्रम करायचे. अलींनी 2000 मध्ये पहिली कॅसेट अशीच काढली.

2003 मध्ये दोघांचा पहिला अल्बम आला, 'शॅडोज ऑन द सन'. त्यातल्या एका गाण्यात अली आपल्याच दिसण्याबद्दल मोकळेपणाने बोलतात आणि सांगतात, मी जसा आहे तसा ठीक आहे. 2007 मध्ये 'द अनडिस्प्युटेड ट्रुथ' आला. त्यात अमेरिकेच्या गुलामगिरीच्या आणि युद्धांच्या इतिहासावर सरळ बोट ठेवणारं गाणं होतं. तळघरात सुरुवात केलेल्या या जोडीचा हा अल्बम बिलबोर्डच्या दोनशेच्या यादीत 69 व्या क्रमांकावर पोहोचला. 2009 मध्ये 'अस' आला.

मग वाटा थोड्या वेगळ्या झाल्या. 2012 चा अल्बम अलींनी दुसऱ्या प्रोड्यूसरबरोबर केला. त्याच वर्षी, कर्ज थकलेल्या एका कुटुंबाचं घर जप्त होऊ नये म्हणून झालेल्या आंदोलनात त्यांना अटकही झाली. पण रुसवेफुगवे, कोर्टकचेऱ्या असं काही नाही. 2017 मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले. त्या अल्बममध्ये अलींनी वडिलांच्या आणि आजोबांच्या आत्महत्येवर गाणं केलं. आपल्याकडे हा विषय निघाला की घरात सगळे गप्प होतात. ते गप्प राहिले नाहीत. पुढे अली कुटुंबासह इस्तंबूलला राहायला गेले, आणि 2025 मध्ये अँटबरोबरच 'सॅटिस्फाइड सोल' आला. बावीस वर्षांत दोघांचे पाच पूर्ण अल्बम झाले.

आता पालकांच्या मनातला प्रश्न. संगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि तो मसला सोडवायला मी बसलेलो नाही; ज्या आलिमांवर आपला भरवसा आहे त्यांना विचारा. शिवाय अलींच्या जुन्या गाण्यांत शिवराळ शब्दही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. लहान मुलांसाठी ती नव्हेत.

पण शिक्षक म्हणून मला दुसरीच गोष्ट खटकते. रंगावरून, चष्म्यावरून, तोतरेपणावरून चिडवलं जाणारं एक तरी मूल प्रत्येक वर्गात असतं. ते मागच्या बाकावर बसतं आणि हळूहळू बोलणंच सोडून देतं. अशाच एका मुलाला कोणीतरी वेळेवर एक पुस्तक दिलं, कोणीतरी आपल्या दस्तरखानावर बसवलं, आणि कोणीतरी त्याच्या शब्दांखाली ठेका धरला. म्हणून तो बोलता राहिला.

तेव्हा मुलाच्या हातातून मोबाइल हिसकावण्याआधी एकदा त्याची वही मागून बघा. काय लिहितोय ते वाचा. रागावण्यासारखं असेल तर जरूर रागवा, पण आधी वाचा.