घरचा कॅमेरा बंद का पडतो?



सूस गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेले. शेजारी इमारती उठल्या, वर्दळ वाढली. तरी आपला गोठा आहे, विहिरीवर मोटार आहे. राखणीसाठी म्हणून वायफायवरचे कॅमेरे आता घरोघर बसू लागले. पण मोटारीची केबल रात्रीत कापून न्यावी, आणि सकाळी मोबाईल उघडून पाहावे तो कॅमेरा चार दिवसांपासून बंदच! अशी गत कोणाची होऊ नये म्हणून ही माहिती देत आहोत.

कॅमेरा दिसेना की आपण कॅमेऱ्यालाच दोष देतो. पण मोटार चालू असून पाणी येत नसेल, तर आपण लगेच मोटार खोलत नाही. फूटव्हॉल्व्हपासून पाइप तपासत येतो. इथेही तोच क्रम धरावा.

१) वीज : कॅमेऱ्याचा दिवा लागतो का ते आधी पाहा. दिवसा नीट चालतो अन् अंधार पडला की बंद-चालू होतो, अशी तक्रार असेल तर बहुधा वीज कमी पडते. रात्री कॅमेऱ्यातले अंधारात पाहायचे दिवे लागतात व तो जास्त वीज ओढतो. ॲडॉप्टर कमजोर असला किंवा वायर बारीक आणि लांब असली, की शेवटाला दाब उतरतो. लांबच्या विहिरीवर बारीक केबलने मोटारीचे जे होते, तेच इथे होते. कॅमेऱ्यावर लिहिले असेल तेवढ्याच व्होल्टचा ॲडॉप्टर लावावा.

२) इंटरनेट : मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करून फक्त घरच्या वायफायवर दुसरे काही उघडते का पाहा. तेही उघडत नसेल तर कॅमेरा निर्दोष आहे. राउटर एक मिनिट बंद ठेवून पुन्हा लावा. मात्र बारीक भोकातले बटण टाचणीने दाबू नका. त्याने राउटरमधली सगळी मांडणी पुसली जाते.

३) वायफाय : राउटर सहसा दोन लहरी सोडतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाच वेगवान खरी, पण भिंतीपलीकडे दमते. घरगुती कॅमेरे बहुतेक २.४ वरच चालतात. दोन्हींचे नाव एकच असेल तर कॅमेरा जोडताना गोंधळ होतो. नावे वेगळी ठेवावीत. राउटर लोखंडी कपाटामागे ठेवू नये. वायफायचा पासवर्ड बदलला असेल तर कॅमेऱ्यालाही तो नव्याने द्यावा लागतो.

४) पत्ता : कारखान्यावर आपला सभासद क्रमांक कायम असतो, पण उसाच्या गाडीला नंबर त्या दिवसापुरता मिळतो. कॅमेऱ्याचेही तसेच. त्याचा मॅक क्रमांक कायमचा, तर आयपी पत्ता राउटर वाटतो. वीज जाऊन आली की हा पत्ता बदलू शकतो, आणि रेकॉर्डर जुन्याच पत्त्यावर कॅमेऱ्याला शोधत बसतो. राउटरमध्ये त्या मॅक क्रमांकासाठी एक पत्ता राखून ठेवावा.

५) मेमरी कार्ड : चित्र दिसते म्हणजे ते साठतेच असे नाही. कार्ड खराब झाले तरी चालू चित्र दिसतच राहते. तारीख-वेळही बरोबर आहे का पाहा.

आता सर्वात महत्त्वाचे. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रोग्रॅमने असेच मूळचे पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. कुलपाची किल्ली कुलपालाच अडकवून ठेवण्यातला हा प्रकार. बाहेरगावाहून कॅमेरा दिसावा म्हणून कोणी राउटरचा पोर्ट उघडून देत असेल, तर तेही करू देऊ नका. कंपनीचे ॲप त्याशिवाय चालते.

वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की मोबाईलवर कॅमेरा दिसत नाही. म्हणून दोघांनाही बॅटरीचा आधार द्यावा. दर महिन्याच्या एक तारखेला घरातल्या एकाने आदल्या रात्रीचे चित्रण उघडून पाहावे. राखणदार ठेवला तरी मालकाने फेरी मारावीच लागते. ती फेरी चोरी होण्याआधी मारावी, एवढीच विनंती.