मृदेतील जीवसंबंध, जव्हार–मोखाडा भागातील

मृदेतील प्राणी, कवके (बुरशी, अळंबी इ. जीव) व सूक्ष्मजंतू यांच्या परस्परावलंबी क्रियांमुळे मृत जैव पदार्थांचे विघटन होते व त्यांतील पोषकद्रव्ये वनस्पतींना पुन्हा उपलब्ध होतात. पालघर जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्यातील) जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात या संबंधांना विशेष महत्त्व आहे. कारण तेथील वनांतील पाल्याचा काही भाग मृदेत कुजतो, तर काही भाग राबासाठी जाळला जातो.

हा प्रदेश सह्याद्रीच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात असून येथील खडक बेसाल्टाचा आहे. पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात पडतो. खाचरांत भात आणि उतारांवरील वरकस जमिनीत नागली, वरी, उडीद, तूर व खुरासणी ही पिके घेतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी इ. जमातींची उपजीविका बव्हंशी याच जमिनींवर अवलंबून आहे. उतारांवरील मृदेचा थर पातळ असल्याने पोषकद्रव्ये मृदेत टिकवून ठेवण्याचे काम मुख्यतः तीतील जीवांकडे येते.

विघटन : साग, ऐन इ. पानझडी वृक्षांचा पाला उन्हाळ्यात कोरडाच राहतो. पहिल्या पावसानंतर विघटनास वेग येतो. वाणी (सहस्रपाद), गांडुळे व कीटक पाल्याचे तुकडे करतात. त्यामुळे कवके व सूक्ष्मजंतू यांना वाढीसाठी अधिक पृष्ठभाग मिळतो. लाकडातील लिग्निन हा चिवट घटक फोडण्याचे काम मुख्यतः कवके करतात. पोषकद्रव्ये प्रथम सूक्ष्मजंतूंच्या शरीरांत अडकून राहतात व त्यामुळे पावसाबरोबर वाहून जाण्यापासून काही अंशी वाचतात. आदिजीव व सूत्रकृमी या सूक्ष्मजंतूंना खातात. भक्ष्यातील नायट्रोजन त्यांच्या गरजेपेक्षा जास्त असल्याने उरलेला नायट्रोजन ते अमोनियम रूपाने बाहेर टाकतात व तो पिकांच्या मुळांना मिळतो.

मुळांशी सहजीवन : लोहयुक्त तांबड्या मृदेत फॉस्फरस घट्ट बांधला जातो. नागली, वरी इ. पिकांच्या मुळांत राहणाऱ्या कवकांचे तंतू मुळांच्या आवाक्यापलीकडील फॉस्फरस आणून देतात व मोबदल्यात वनस्पतीकडून कार्बनी अन्न घेतात. या सहजीवनास कवकमूल म्हणतात. उडीद व तूर यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात [⟶ नायट्रोजन स्थिरीकरण].

वाळवी व अळंबी : वारूळ करणाऱ्या काही वाळव्या वनस्पतिजन्य पदार्थ खाऊन त्यांच्या विष्ठेपासून वारुळात सच्छिद्र पोळी रचतात व तीवर टर्मिटोमायसीझ प्रजातीचे कवक वाढवितात. कवक लिग्निन व सेल्युलोज फोडून वाळवीला पचण्याजोगे अन्न देते. वाळवी कवकाला निवारा व कच्चा माल पुरविते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी खाद्य अळंबी ही याच कवकाची फळे होत. वाळवीच्या बिळांतून पाणी व हवा खोलवर जातात. पिकांना उपद्रव देणारी वाळवी वनमृदेत अशा रीतीने उपकारक ठरते.

राब : रोपे तयार करण्याच्या जागेवर शेण, फांद्या, पाला व गवत यांचे थर रचून, वर माती पसरून ते उन्हाळ्यात जाळतात. या क्रियेस राब भाजणे म्हणतात. हॅरल्ड मॅन, जोशी व कानिटकर यांचा या पद्धतीवरील निबंध १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १९०९ मध्ये इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी मृदा तापविल्यास तिची सुपीकता वाढते, असे दाखविले होते. तापलेल्या मृदेतील आदिजीव मरतात व तग धरलेल्या सूक्ष्मजंतूंची वाढ निर्वेध होते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. मृत जीवांच्या शरीरांतून व उष्णतेने बदललेल्या कार्बनी पदार्थांतूनही अमोनियम मिळते, हे पुढे स्पष्ट झाले. आदिजीव केवळ अपायकारक नसून नायट्रोजनाच्या चक्राला त्यांची गरज असते, हेही समजले. राबामुळे तणांचे बी जळते व राखेतून पोटॅश आणि फॉस्फरस मिळतात. म्हणून रोपे जोमदार येतात. मात्र जाळलेल्या पाल्यातील बराचसा नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो.

राबाची जागा लहान असली, तरी तीसाठी लागणारा पाला व फांद्या बऱ्याच मोठ्या क्षेत्रातून आणाव्या लागतात. तेवढ्या क्षेत्रातील मृदाजीवांचे अन्न कमी होते. तसेच आच्छादन गेलेल्या उतारावरील माती पावसाच्या माऱ्याने वाहून जाते. झाडे विपुल व शेते थोडी असताना ही हानी भरून निघू शकते. वन विरळ झाल्यावर मात्र रोपवाटिकेला मिळालेला लाभ वनाच्या व उताराच्या मृदेला महाग पडतो. म्हणून पाल्याचे कंपोस्ट करणे, न भाजलेल्या गादीवाफ्यावर रोपे वाढविणे, बांधांवर हिरवळीच्या खताची झाडे लावणे व नागलीबरोबर कडधान्ये घेणे हे उपाय येथे उपयुक्त ठरतात. तण काढण्याचे श्रम त्यांत वाढतात, ही अडचण लक्षात घेऊनच त्यांची योजना करावी लागते.