उपग्रहाचा नकाशा शिवारात पडताळावा



कोणते पीक किती क्षेत्रावर आहे, याचा अंदाज हल्ली उपग्रहाच्या चित्रांवरूनही बांधतात. त्यासाठी २०१२ साली दिल्लीत महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र सुरू झाले. पण असा नकाशा कितपत खरा, हे शेवटी बांधावरच ठरते.

उपग्रह पीक ओळखत नाही. पिकावरून परतणारा उजेड तेवढा मोजतो. त्यावरून हे सोयाबीन, ही तूर, अशी वर्गवारी संगणक करतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत बारीक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे सुमारे एक गुंठ्याचा असतो. त्या गुंठ्यात सोयाबीन आणि तुरीच्या ओळी एकत्र असल्या की गफलत होते. शिवाय खरिपात ढग आडवे येतात.

म्हणून पडताळणी हवी. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शिते साऱ्या भांड्यातून घ्यावी लागतात. केवळ रस्त्याकडेची शेते पाहून भागत नाही. ठिकाणे चिठ्ठ्या टाकून निवडावीत. संगणकाला पीक शिकवताना जी शेते दाखवली, ती पुन्हा तपासणीला घेऊ नयेत. आणि पीक उभे असतानाच पाहणी करावी.

समजा, अशी १०० ठिकाणे पाहिली:

• नकाशात सोयाबीन ८० ठिकाणी. प्रत्यक्षात ६५ ठिकाणी सोयाबीन, १५ ठिकाणी तूर.
• नकाशात तूर २० ठिकाणी. प्रत्यक्षात १५ ठिकाणी तूर, ५ ठिकाणी सोयाबीन.

एकंदर ८० ठिकाणे जुळली. नकाशा ८० टक्के अचूक! ऐकायला बरे वाटते. पण शिवारात तूर ३० ठिकाणी होती. नकाशाला त्यांतली १५ च सापडली. निम्मी तूर हरवली. अशा आकड्यावरून उत्पादनाचा अंदाज केला, तर तो तूर पिकवणाऱ्याच्या मुळावर येतो. म्हणून एकच टक्का ऐकून समाधान मानू नये. प्रत्येक पिकाचा हिशोब वेगळा मागावा.

आपले कामही थोडे आहे. पाहणीला कोणी आले तर पेरणीची तारीख आणि आंतरपीक नेमके सांगा. ई-पीक पाहणीत मुख्य पिकासोबत आंतरपीकही नोंदवा. बांधावरची खरी माहिती हाती असेल, तरच आकाशातल्या नकाशाची चूक दाखवता येते.