बाप्तिस्मा १८८३ ला, विश्वास गवसला आठ वर्षांनी: पंडिता रमाबाई बायबल कसं वाचायच्या?

आंबेगाव तालुक्यातलं शिनोली असो की शेजारचं जुन्नर, रोजचा हरिपाठ आणि ज्ञानेश्वरीचं पारायण इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ख्रिस्ती घरांत हीच जागा रोजच्या बायबल वाचनाची असते. पण रोज वाचल्याने विश्वास वाढतो म्हणजे नेमकं काय होतं? याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात याचं उत्तर सापडतं.

सुरुवात कुठून झाली?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात संस्कृत शिकलेल्या रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक पाठ होते. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. लग्नानंतर सिलचरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं. १८८२ मध्ये पती वारले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग लगेच विश्वास बसला?

नाही. त्या धर्मगुरू सांगतात म्हणून काही मान्य करत नव्हत्या. स्वतः वाचायचं, पटलं तरच स्वीकारायचं, यावरून त्यांचे इंग्लंडमधल्या मार्गदर्शकांशी पत्रांतून वाद झाले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी पुढे लिहिलं. देवावर स्वतःला पूर्ण सोपवण्याचा अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास आला. मधली आठ वर्षं वाचन, शंका आणि प्रार्थना यांत गेली.

या वाचनाची किंमत काय मोजावी लागली?

पुण्यातल्या त्यांच्या शारदा सदनात विधवा मुली शिकत होत्या. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना आणि वाचन करत, तेव्हा दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. संस्था धर्माबाबत तटस्थ राहील हा शब्द मोडला, अशी टीका झाली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंनी प्रार्थना थांबवली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि स्त्रियांना आणलं. केडगावचं मुक्ती मिशन यातूनच वाढलं.

स्वतः भाषांतर का केलं?

मराठी बायबल आधीही होतं. विल्यम केरी यांच्या सेरामपूर मिशनने १८११ मध्ये नवा करार छापला होता. पण रमाबाईंना प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी खटकत होती. नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला रोज वाचायचं असेल, तर तिला ते कुणाच्या मदतीशिवाय समजलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी संस्कृतच्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि भाषांतरासाठी साधी मराठी निवडली. छपाईचं काम मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या स्त्रियांनी केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या मुद्रितं तपासत होत्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झालं.

यातून काय कळतं?

रोजचं वाचन शंका एका दिवसात मिटवत नाही. रमाबाईंच्या बाबतीत ते प्रश्नांसकट वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि भरवसा त्यातूनच तयार झाला. आज मराठी बायबल मोबाईलवरही वाचता येतं. पण वाचणाऱ्याला ते आपल्या भाषेत, स्वतःचं स्वतः कळायला हवं, यासाठी केडगावात एका बाईने आयुष्याची शेवटची वर्षं दिली होती.