जुन्या तंबोऱ्याचे सुटे भाग : माप यादीचे नको, वाद्याचे घ्या

जुने वाद्य दुरुस्त करायला घेतले की खरी अडचण लाकडाची किंवा पॉलिशची नसते. ती असते सुट्या भागांची. एक खुंटी तुटलेली, घोडी झिजलेली, दोन मणी हरवलेले, आणि ज्याने ते वाद्य बनवले तो कारागीर केव्हाच निघून गेलेला. मग मालक बाजारात जातो, दिसायला तसाच भाग आणतो आणि ठोकून बसवतो. महिनाभरात भोक मोठे होते, मान चिरते आणि पन्नास वर्षे टिकलेले वाद्य माळ्यावर जाऊन पडते. भाग लहान असतो, नुकसान मात्र मोठे होते.

आम्ही कापडाचे व्यापारी. वाद्य वाजवणे हे आमचे काम नाही. पण तंबोऱ्याची गवसणी शिवायला कापड लागते, त्या निमित्ताने गाणारे, भजनी मंडळवाले आणि शाळेचे मास्तर आमच्या गादीवर येतात आणि वाद्यांची रडगाणी सांगतात. त्यांचे ऐकून आणि कारागिरांना विचारून जे समजले ते येथे मांडत आहोत. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या भागातील सुतार, लेथवाले आणि किरकोळ दुकानदार यांना त्यातून काही काम मिळण्याजोगे आहे.

मिरजेचा आधार

महाराष्ट्रात तंबोरा आणि सतार म्हटले की मिरजेचे नाव घ्यावेच लागते. तेथील हा हुन्नर शिकलगारांनी उभा केला. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचा जमाना संपत आला तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, पटवर्धनांच्या मिरज संस्थानात फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये बनवण्याकडे हात वळवला. पुढे या घराण्यांचे आडनावच 'सतारमेकर' झाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) मिरजेत राहत. वाद्य दुरुस्तीचे ज्ञान त्यांना स्वतःला होते. गवई आणि कारागीर एकाच गावात असल्यामुळे आवाजातली चूक कारागिराला त्याच दिवशी कळत असे, आणि त्यातून तेथील काम पक्के झाले.

आपल्याकडून मिरज फार अवघड नाही. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस वर्ध्यावरून थेट मिरजेला जाते. पण तेथे जाण्यापूर्वी किंवा पार्सल पाठवण्यापूर्वी कोणत्या भागाचे काय माप घ्यायचे हे ठाऊक असले पाहिजे. नाहीतर फेरी फुकट जाते.

खुंटी

खुंटी घसरते म्हणजे ती बाद झाली असे नव्हे. आधी खुंटी काढून कोरड्या फडक्याने पुसा, खडू लावा आणि आतल्या बाजूला दाब देत फिरवून पाहा. अनेक खुंट्या एवढ्यावर धरतात. आपल्या वऱ्हाड-नागपूरकडचे ऊन कडक. उन्हाळ्यात लाकूड आक्रसते आणि खुंट्या सैल होतात, पावसाळ्यात फुगून जाम होतात. म्हणून मे महिन्यात सैल वाटलेली खुंटी जुलैपर्यंत थांबून पाहावी. जाम झालेली खुंटी हातोडीने ठोकू नये.

तरीही ती डुगडुगत असेल, दांड्यावर एकाच जागी चकचकीत कडे पडले असेल आणि भोकाच्या एका बाजूला फट दिसत असेल, तर ती झिजली असे समजावे. खुंटीचा दांडा निमुळता असतो. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. त्यामुळे 'अमुक नंबरची खुंटी द्या' असे म्हणून काम होत नाही. जाड टोकाचा व्यास, बारीक टोकाचा व्यास आणि त्या दोन्हींमधले अंतर अशी तीन मापे व्हर्नियरने घ्यावीत. जुनी खुंटी नमुना म्हणून सोबत द्यावी. तयार खुंटी नेहमी थोडी जाड मागवावी, म्हणजे ती घासून भोकात बसवता येते. पातळ आली तर इलाज नाही. भोक अंडाकृती झाले असेल तर जाड खुंटी घालणे हा उपाय नव्हे. भोकात त्याच जातीच्या लाकडाची गुट्टी बसवून नवे निमुळते भोक पाडावे लागते.

हे काम लाकडी लेथ चालवणाऱ्या आपल्या कारागिराला जमण्यासारखे आहे. लाकूड मात्र पक्के, वर्षानुवर्षे वाळलेले हवे. जुन्या शिसवी पलंगाचा पाय आज निकामी वाटतो, पण खुंटीसाठी त्याच्यासारखा माल नाही.

घोडी आणि जवारी

घोडी म्हणजे तारा ज्यावरून जातात तो पूल. काही लोक तिला घुडच म्हणतात. तंबोऱ्याचा तो भरलेला, गुंजणारा आवाज घोडीच्या वरच्या अंगाला दिलेल्या हलक्या गोलाईतून येतो. हीच जवारी. वर्षानुवर्षे तारा घासून तेथे खाचा पडतात आणि आवाज बसतो. पुष्कळ वेळा घोडी बदलण्याची गरज नसते, जाणकाराकडून जवारी पुन्हा लावून घेतली की काम होते. दर वेळी थोडा माल घासला जातो, म्हणून घोडीला आयुष्य असते. पण ते संपण्याआधी ती फेकू नये.

नवी घोडी घ्यायची तर तिची उंची, लांबी आणि रुंदी जुन्या घोडीवरून घ्यावी. तिचे पाय तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरील लाकडी झाकणाच्या, गोलाईला पूर्ण टेकले पाहिजेत. तपासण्याची रीत सोपी आहे. तबलीवर कार्बन पेपर ठेवून त्यावर घोडी हलकेच सरकवावी. पायाला जेथे डाग लागतो तेथे लाकूड उंच आहे, तेवढेच घासावे. तबली मात्र कधीही घासू नये. भाग वाद्याला बसवायचा असतो, वाद्य भागाला नव्हे. या धंद्याचा सारा कायदा या एका वाक्यात आला.

तारा आणि दोरा

तारांच्या नंबरात बरेच लोक फसतात. बाजारात दोन मोजमापे चालतात. एकात नंबर वाढला की तार बारीक होते, दुसऱ्यात नंबर वाढला की तार जाड होते. पहिल्यातली ३० नंबरची तार आणि दुसऱ्यातली ३ नंबरची तार जवळजवळ सारखीच, सुमारे ०.३ मिलिमीटरची. म्हणून नंबर विचारू नका, मिलिमीटर विचारा. तंबोऱ्याच्या तारा मागवताना गाणाऱ्याची पट्टीही सांगा. काळी एकच्या मर्दानी आवाजाचा संच काळी चारच्या जनानी तंबोऱ्याला चालत नाही. खर्जाची पितळी तार आणि बाकीच्या पोलादी तारा वेगळ्या बांधून मागवाव्यात.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. तंबोऱ्याचा सर्वांत स्वस्त सुटा भाग म्हणजे दोरा. तार आणि घोडी यांच्यामध्ये लहानसा दोरा सरकवला की जवारी उघडते आणि आवाज गुंजू लागतो. दोरा नसेल तर चांगला तंबोराही मुका वाटतो. येथे साधे सुती सूत किंवा रेशीम लागते. पॉलिस्टरचा गुळगुळीत दोरा जागेवर राहत नाही. चारही तारांना एकच जाडी लागेल असे नाही, म्हणून दोन-तीन जाडीचे सूत ठेवावे. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकेकाळी परदेशात होते. त्या मुलखात तंबोऱ्याला सूत मिळू नये हे बरे दिसत नाही.

भोपळा आणि सरस

मिरजेला भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. भोपळा फुटला तर नवा बसवणे हे मोठे काम आहे, ते मिरजेतच करावे. तडा गेला असेल तर आतून कापडाची पट्टी सरसाने चिकटवून तो सांभाळता येतो. सरसच का? कारण ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो आणि पुढच्या कारागिराला जोड उघडता येतो. हल्लीचा दोन नळ्यांचा डिंक एकदा लागला की जोड सुटत नाही, लाकूडच फाटते. आज केलेले काम उद्या दुसऱ्याला उलगडता आले पाहिजे.

जो माल घेऊ नये

जुन्या सतारींच्या घोडीवर सांबरशिंगाची पट्टी सापडते, मण्यांत हस्तिदंतही निघतो. मालक म्हणतो, 'जसे होते तसेच हवे.' येथे कारागिराने साफ नकार द्यावा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. सांबरशिंग जंगलात आपोआप गळून पडलेले असले तरी त्याची खरेदी-विक्री करता येत नाही. आपल्या जिल्ह्यातच बोरचे जंगल आहे, २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. कोणी 'सापडलेले' शिंग स्वस्तात आणून दिले तर हात लावू नका. दोन इंचाच्या पट्टीसाठी तुरुंगाची वाट धरणे हा धंदा नव्हे. उंटाचे हाड, आबनूस किंवा चांगला टणक कृत्रिम माल यांवर उत्तम जवारी लागते. हाड घासताना नाका-तोंडावर कापड बांधावे, त्याची धूळ छातीला वाईट.

परदेशी पाठवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शिसम-शिसवीच्या वर्गातील लाकूड २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराच्या यादीत आले आणि वाद्यांची निर्यात अडकू लागली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग यांना सूट मिळाली. कच्चे लाकूड मात्र यादीत राहिले.

गिटारवाल्यांचा अनुभव

हा प्रश्न आपल्याच वाद्यांचा आहे असे नाही. विजेच्या जुन्या गिटारी दुरुस्त करणारे हेच सांगतात. अमेरिकी गिटारीच्या स्क्रूचे आटे इंचाच्या हिशेबाचे, जपानी गिटारीचे मिलिमीटरचे. दिसायला एक, पण एकमेकांत जात नाहीत, जोर केला तर आटे मरतात. आवाज कमी-जास्त करण्याच्या दांडीला अमेरिकी मालात २४ दाते, मिलिमीटरवाल्या मालात १८. म्हणून तेथील जाणकार काढलेला मूळ भाग, अगदी गंजलेला स्क्रूसुद्धा, पुडीत बांधून मालकाला परत देतात. मूळ भागांसह असलेल्या वाद्याला जास्त किंमत येते.

कागदपत्रांचा धडाही तेथूनच घ्यावा. गिब्सन या अमेरिकेतील मोठ्या गिटार कंपनीवर २००९ मध्ये मादागास्करच्या आबनूसावरून आणि २०११ मध्ये भारतातून गेलेल्या लाकडावरून सरकारी छापे पडले. २०१२ मध्ये ३ लाख डॉलर भरून कंपनीने तडजोड केली. भारतातील लाकूड परत मिळाले, पण तोवर ते अडकूनच पडले होते. एवढ्या मोठ्या कंपनीला कागद नडला, तर लहान कारागिराने किती जपावे?

नाव आणि बिल

मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ वर्ध्यात तंबोरा दुरुस्त करू नये असा नाही. पण दुसरीकडे बनलेली वस्तू 'मिरजेची' म्हणून विकणे हा आता कायद्याचा भंग आहे, ग्राहकाची फसवणूक तर तो आधीपासूनच होता. बिलावर प्रत्येक भाग वेगळा लिहा : खुंटी, कोणते लाकूड, किती नग, घोडी, कोणता माल, तारा, किती मिलिमीटर. मजुरी वेगळी लावा. काढलेले भाग पिशवीत घालून परत द्या आणि तेही बिलावर नोंदवा. असे बिल देणाऱ्याकडे ग्राहक पुन्हा येतो.

आपल्या भागात एवढे झाले तरी पुरे : एका लेथवाल्याने खुंट्या-मणी बनवायला शिकावे, एका दुकानदाराने मिलिमीटरवर तारा आणि सुती दोरा ठेवावा, आणि भोपळा, तबली, जवारी यांचे अवघड काम मिरजेच्या उस्तादांकडे पाठवावे. कोणते काम आपले आणि कोणते आपले नाही हे ज्याला कळते, त्याच्या हाती लोक जुने वाद्य निर्धास्त सोपवतात.